विल्यम एफ. लुडविग

विल्यम एफ. लुडविग (जन्म : १८७९, नेन्डेरोथ, जर्मनी; मृत्यू : १९७३) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन तालवादक, संशोधक व वाद्यनिर्माते होते. धाकटे बंधू थिओबाल्ड यांच्यासह त्यांनी इ.स. १९०९ साली शिकागो येथे 'लुडविग अँड लुडविग' ही ड्रमनिर्मितीची संस्था स्थापन केली. वेगवान बास ड्रम पेडल, पेडलने सूर बदलता येणारे टिंपनी आणि धातूच्या शेलचे स्नेअर ड्रम यांच्या विकासात त्यांचा मोठा वाटा आहे. जुने स्नेअर ड्रम जमवणारे, दुरुस्त करणारे आणि विकणारे लोक आज ज्या वाद्यांचा सर्वाधिक शोध घेतात, त्यांत लुडविग यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या ड्रमांचे स्थान अग्रभागी आहे.

स्वतःच्या नावाची संस्था विकल्यानंतर त्या नावावरचा हक्क त्यांच्या हातून गेला. पंचवीस वर्षांच्या आसपास काळ लोटल्यावर, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी तो हक्क परत विकत घेतला. या घटनाक्रमाची खूण त्यांच्या ड्रमांवरील नामपट्ट्यांवर उमटलेली आहे. म्हणूनच लुडविग यांचे चरित्र आणि त्यांच्या ड्रमांची कालनिश्चिती हे दोन विषय एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

वाद्याचा परिचय

स्नेअर ड्रम हे उथळ, दुतोंडी तालवाद्य आहे. महाराष्ट्रातील बँडपथकांत आणि शाळांच्या संचलनात त्याला साइड ड्रम म्हणतात. वरच्या पानावर दोन काठ्यांनी आघात केला जातो. खालच्या पातळ पानाला तातीच्या किंवा धातूच्या तारा चिकटून ताणलेल्या असतात. आघाताबरोबर खालचे पान कंप पावते, तारा त्यावर आपटतात आणि वाद्याला त्याचा विशिष्ट करकरीत नाद मिळतो. तारा सैल किंवा घट्ट करणाऱ्या यंत्रणेला स्ट्रेनर म्हणतात. पानाचा ताण ज्या स्क्रूंनी बदलतात, ते शेलवर बसवलेल्या 'लग' नावाच्या धातूच्या भागांत फिरतात. ताशाचा आवाजही तडफदार असतो. परंतु ताशाला दुसरे पान नसते आणि ताराही नसतात.

बालपण व जडणघडण

लुडविग कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी सोडून अमेरिकेत शिकागो येथे स्थलांतर केले. वडील संगीतकार होते. घरात संगीताचे वातावरण असल्याने विल्यम यांचा वाद्यांशी लहानपणीच परिचय झाला. पुढे ड्रमवादन हाच त्यांच्या उपजीविकेचा मार्ग ठरला. सर्कस, फिरत्या मंडळ्या, नाट्यगृहे अशा विविध ठिकाणी त्यांनी वादन केले. थिओबाल्ड यांनीही हाच व्यवसाय स्वीकारला.

नाट्यगृहातील ड्रमवादकाचे काम त्या काळी कष्टाचे होते. एकाच वादकाला बास ड्रम आणि स्नेअर ड्रम दोन्ही सांभाळावे लागत. दोन्ही वाद्ये शेजारी ठेवून, हातातील काठीनेच बास ड्रमवर आघात करून तो लगेच स्नेअर ड्रमकडे वळत असे. पायाने चालवायची काही साधने उपलब्ध होती. मात्र ती जड व संथ होती.

पेडलचा शोध

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॅगटाइम या जलद लयीच्या संगीताची अमेरिकेत लाट आली. शिकागोतील एका नाट्यगृहात वादन करत असताना त्या लयीला उपलब्ध पेडल पुरे पडत नाही, असे विल्यम यांच्या लक्षात आले. त्यांनी लाकडाचा एक नमुना स्वतः घडवला. त्यात आघात करणारा गोळा पानाच्या बराच जवळ ठेवला होता. त्यामुळे त्याला कमी अंतर कापावे लागे आणि पायाच्या लहानशा हालचालीत ठोका पडे. गोळा मागे खेचण्याचे काम स्प्रिंग करी.

या नमुन्याला धातूचे टिकाऊ रूप देण्याच्या कामात त्यांचे मेहुणे रॉबर्ट डॅन्ली यांचे साहाय्य झाले. डॅन्ली यंत्ररचनेचे जाणकार होते. इ.स. १९०९ साली या पेडलचे पेटंट मिळाले. अन्य वादकांकडून मागणी येऊ लागल्यावर दोघा भावांनी भाड्याच्या लहानशा जागेत उत्पादन सुरू केले. हीच 'लुडविग अँड लुडविग' या संस्थेची सुरुवात होय.

या लहान साधनाचा परिणाम दूरगामी ठरला. बास ड्रमचे काम पायाकडे गेल्याने वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले आणि एका माणसाने बसून अनेक तालवाद्ये वाजवण्याची पद्धत रूढ होण्यास गती मिळाली. आजच्या ड्रमसंचाच्या घडणीतील हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

लुडविग अँड लुडविग

प्रारंभीच्या काळात केवळ कारखान्याच्या उत्पन्नावर निर्वाह होणे कठीण होते. त्यामुळे विल्यम यांनी वाद्यवृंदातील नोकरी सोडली नाही. पिट्सबर्ग येथील वाद्यवृंदात आणि नंतर शिकागोच्या ऑपेरा वाद्यवृंदात ते टिंपनी वाजवत. विल्यम बाहेरगावी असताना कारखान्याचा भार थिओबाल्ड यांच्यावर असे.

ऑपेरातील वादनातून पुढचा शोध निघाला. टिंपनी हे सुरात लावायचे मोठे ताम्रवाद्य आहे. एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जाताना त्याचा सूर वारंवार बदलावा लागतो. हाताने अनेक स्क्रू फिरवण्यास पुरेसा अवधी मिळत नसे. लुडविग बंधूंनी पायाने सूर बदलणारी यंत्रणा विकसित केली. पहिली रचना द्रवाच्या दाबावर चालणारी होती. पुढे स्प्रिंगच्या समतोलावर आधारलेली अधिक विश्वासार्ह रचना तयार झाली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात संस्थेने अमेरिकन सैन्यासाठी दोरीने ताणायचे ड्रमही बनवले. इ.स. १९१८ मध्ये जगभर पसरलेल्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीत थिओबाल्ड यांचा अकाली मृत्यू झाला. भावाच्या निधनानंतरही विल्यम यांनी संस्थेचे जोडनाव बदलले नाही.

धातूचे स्नेअर ड्रम

लाकडी शेलचे स्नेअर ड्रम पूर्वीपासून प्रचलित होते. लुडविग यांनी पितळी शेलच्या ड्रमांना मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. धातूचे शेल हवामानामुळे वाकत नाही आणि त्याचा नाद अधिक तेजस्वी असतो. शेलच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस उठवलेली गोल कडा त्याला मजबुती देते. ही कडा पुढे लुडविगच्या धातूच्या ड्रमांची ओळख बनली.

१९२०च्या दशकातील सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे पुढे 'ब्लॅक ब्यूटी' या नावाने ओळखला गेलेला ड्रम. त्याच्या पितळी शेलवर काळ्या निकेलचा मुलामा दिला जाई. कारागीर त्यावर हाताने नक्षी कोरत. कोरलेल्या रेषेतून खालचे पिवळे पितळ उघडे पडे आणि काळ्या पृष्ठभागावर सोनेरी वेलबुट्टी उठून दिसे. हाताचे काम असल्याने दोन ड्रमांची नक्षी तंतोतंत सारखी नसे.

याच दशकात मूकपटांच्या चित्रगृहांत हजारो वादकांना काम मिळत होते. पडद्यावरील दृश्यांनुसार घोड्यांच्या टापा, आगगाडी, वादळ असे आवाज काढण्याची जबाबदारी ड्रमवादकावर असे. त्यामुळे ड्रम आणि ध्वनिसाधनांचा खप वाढला.

संस्थेची विक्री

ही भरभराट फार काळ टिकली नाही. इ.स. १९२७ नंतर बोलपटांचा झपाट्याने प्रसार झाला आणि चित्रगृहांतील वाद्यवृंद बंद पडू लागले. वादकांबरोबर त्यांच्या वाद्यांची मागणीही आटली. संस्थेने मध्यंतरी बॅन्जोच्या उत्पादनात पाऊल टाकले होते. परंतु त्यात अपेक्षित यश आले नाही. इ.स. १९२९च्या सुमारास 'लुडविग अँड लुडविग' ही संस्था इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील सी. जी. कॉन या मोठ्या वाद्यनिर्मात्या कंपनीकडे गेली. इंडियानापोलिसची 'लीडी' ही प्रतिस्पर्धी ड्रमनिर्माती संस्थाही त्याच सुमारास कॉनने घेतली.

उत्पादन शिकागोहून एल्कहार्टला हलवण्यात आले. विल्यम हेही तेथे गेले आणि कॉनच्या ड्रमविभागात काम करू लागले. स्वतःच्या नावाच्या वाद्यांवर त्यांचे नियंत्रण आता उरले नव्हते. इ.स. १९३६ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली.

डब्ल्यूएफएल कंपनी

इ.स. १९३७ साली, निवृत्तीच्या वयाकडे झुकलेले असताना, लुडविग यांनी शिकागोतील डेमेन अव्हेन्यू येथे नवा कारखाना उभा केला. सोबत त्यांचे पुत्र विल्यम एफ. लुडविग (दुसरे) (१९१६–२००८) होते. नव्या कंपनीला त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव दिले होते. परंतु 'लुडविग' हे व्यापारी नाव आता कॉनच्या मालकीचे असल्याने त्या कंपनीने हरकत घेतली. परिणामी नव्या ड्रमांवर केवळ 'डब्ल्यूएफएल' ही आद्याक्षरे आली. बाजारात एकाच वेळी दोन प्रकारचे ड्रम विकले जाऊ लागले. एकावर लुडविग हे नाव होते, पण लुडविग नव्हते. दुसरे लुडविग स्वतः बनवत होते, पण त्यावर ते नाव लिहिता येत नव्हते.

याच वर्षी कंपनीने 'स्पीड किंग' हे पेडल बाजारात आणले. ते अनेक दशके वादकांच्या पसंतीस उतरले. दुसऱ्या महायुद्धात वाद्यांसाठी धातू वापरण्यावर कडक मर्यादा आल्या. तेव्हा लगसारखे भागही लाकडाचे करून कंपनीने उत्पादन चालू ठेवले. युद्धकाळातील असे ड्रम आज स्वतंत्र संग्रहविषय झाले आहेत.

नावाची परतफेड

युद्धानंतर कॉनने आपल्या दोन्ही ड्रमशाखा एकत्र करून 'लीडी अँड लुडविग' या नावाने उत्पादन केले. इ.स. १९५५ मध्ये कॉनने ड्रमव्यवसायातून अंग काढून घेतले. लीडी हे नाव शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीने घेतले आणि लुडविग हे नाव लुडविग पितापुत्रांनी विकत घेतले. त्यानंतर काही वर्षे कंपनीच्या उत्पादनांवर 'डब्ल्यूएफएल' व 'लुडविग' अशा दोन्ही खुणा आढळतात. १९६०च्या सुमारास जुनी आद्याक्षरे मागे पडली आणि 'लुडविग' हे एकच नाव उरले.

तालशिक्षणातील कार्य

लुडविग हे वादनशिस्तीचे आग्रही पुरस्कर्ते होते. इ.स. १९३३ मध्ये शिकागो येथे माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेच्या अधिवेशनाच्या निमित्ताने जमलेल्या ड्रमवादकांनी 'नॅशनल असोसिएशन ऑफ रूडिमेंटल ड्रमर्स' ही संस्था स्थापन केली. लुडविग तिच्या संस्थापकांपैकी एक होते. रूडिमेंट म्हणजे दोन्ही हातांच्या आघातांचा ठरावीक क्रम. तबल्यात ज्याप्रमाणे मूळ बोलांचा रियाज प्रथम होतो, त्याप्रमाणे स्नेअर ड्रमच्या शिक्षणात रूडिमेंट आधी घोटले जातात. संस्थेने प्रथम १३ आवश्यक रूडिमेंट निश्चित केले आणि पुढे ही संख्या २६ झाली. या यादीमुळे वेगवेगळ्या शहरांतील शिक्षक व परीक्षकांना एक समान मोजमाप मिळाले. इ.स. १९८४ मध्ये 'पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी'ने तिचा विस्तार ४० रूडिमेंटपर्यंत केला.

१९६०चे दशक

९ फेब्रुवारी १९६४ रोजी 'बीटल्स' हा ब्रिटिश गट अमेरिकेतील एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रथमच झळकला. सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी तो कार्यक्रम पाहिला. ड्रमवादक रिंगो स्टार यांच्या बास ड्रमच्या दर्शनी पानावर गटाच्या नावासोबत 'लुडविग' ही अक्षरे स्पष्ट दिसत होती. त्यानंतर कंपनीकडे मागणीचा ओघ लागला आणि उत्पादन मोठ्या प्रमाणात वाढवावे लागले. जे नाव लिहिण्याची मुभा लुडविग यांना १९५५ पूर्वी नव्हती, ते नऊ वर्षांत जगभर पोहोचले. त्या वेळी विल्यम लुडविग ८४ वर्षांचे होते आणि कारभार मुख्यतः पुत्राच्या हाती होता. त्याच वर्षी पुत्राने रिंगो स्टार यांना सोन्याचा मुलामा दिलेला स्नेअर ड्रम भेट दिला.

याच दशकात 'सुप्राफोनिक' हा स्नेअर ड्रम लोकप्रिय झाला. त्याचे शेल अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असून त्यावर क्रोमचा मुलामा असतो. ध्वनिमुद्रणात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या स्नेअर ड्रमांत त्याची गणना होते. विद्यार्थ्यांसाठी बनवलेला 'अॅक्रोलाइट' हा त्याचा साधा व स्वस्त भाऊबंद होय.

जुन्या ड्रमांचा संग्रह व कालनिश्चिती

लुडविग यांच्या ड्रमांचा संग्रह करणारे प्रथम नामपट्टी पाहतात. लुडविग अँड लुडविग काळातील ड्रमांवर शिकागोचे नाव असते. कॉनच्या काळातील अनेक ड्रमांवर एल्कहार्टचा उल्लेख आढळतो. १९३७ नंतरच्या शिकागोच्या ड्रमांवर 'डब्ल्यूएफएल' ही अक्षरे असतात. १९६०च्या दशकात कमानीच्या मध्यदगडाच्या आकाराची पट्टी वापरात होती. तिला संग्राहक 'कीस्टोन बॅज' म्हणतात. १९६३-६४ पासून पट्टीवर अनुक्रमांक छापले जाऊ लागले. मात्र पट्ट्या क्रमाने लावल्या जात नसल्याने अनुक्रमांकावरून केवळ अंदाज करता येतो. त्या काळातील पुष्कळ लाकडी ड्रमांच्या आतील बाजूस शाईने उमटवलेला तारखेचा शिक्का असतो आणि तो अधिक विश्वासार्ह मानतात.

पट्टी एकटी पुरेशी नसते. लग, स्ट्रेनर, कडी आणि स्क्रू हे भाग एकाच काळातील आहेत काय, हे तपासावे लागते. एका ड्रमचे शेल आणि दुसऱ्याचे सुटे भाग जोडून केलेले वाद्य वाजवण्यास उत्तम असू शकते, परंतु त्याची किंमत मूळ वाद्याइतकी नसते. धातूची ओळख पटवण्यासाठी लोहचुंबकाचा उपयोग होतो. पोलादी शेलला तो चिकटतो. पितळेला किंवा अॅल्युमिनियमला चिकटत नाही. या दोहोंतला फरक वजनावरून कळतो. शिकागो येथे दरवर्षी भरणाऱ्या ड्रम प्रदर्शनासारख्या मेळाव्यांत अशा वाद्यांची खरेदी-विक्री व अदलाबदल होते.

दुरुस्ती आणि मूळपणाचा प्रश्न

जुना ड्रम नव्यासारखा चकचकीत करावा की आहे तसा राखावा, हा या क्षेत्रातील कायमचा वाद आहे. काळ्या निकेलचा मुलामा अतिशय पातळ असतो. खरखरीत पॉलिशने तो कायमचा निघून जातो आणि त्यासोबत कोरीवकामाचा उठावही नष्ट होतो. अॅल्युमिनियमवरील क्रोमला कालांतराने फोड येतात व तो सुटू लागतो. संपूर्ण मुलामा काढून नव्याने देणे खर्चिक असून त्याने वाद्याचे मूळपण जाते. म्हणून सौम्य साबणपाणी, मऊ कापड आणि स्क्रूंना थोडे तेल एवढ्यावरच जाणकार भर देतात.

लाकडी ड्रमांवर मोत्यासारखी झळक असलेला प्लॅस्टिकचा पत्रा चिकटवलेला असे. तो आकसतो, पिवळा पडतो, सांध्याशी उचलला जातो. सुटलेला सांधा पुन्हा चिकटवणे ही दुरुस्ती होय. संपूर्ण पत्रा काढून लाकडाला रोगण देणे म्हणजे वाद्याचे रूपच बदलणे होय. शेलला नवे छिद्र पाडल्यास ती हानी भरून येत नाही. पूर्वीची पाने वासराच्या कातड्याची असत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्लॅस्टिकची पाने आली. काही जुन्या शेलांचा घेर किंचित मोठा असल्याने आधुनिक पान त्यांवर नीट बसत नाही. अशा वेळी शेल तासून लहान करण्याऐवजी योग्य मापाचे पान मिळवणे इष्ट समजले जाते.

दुसरीकडे, ज्या ड्रमचा मुलामा किंवा पत्रा आधीच नष्ट झाला आहे, तो पुन्हा वाजता करणे हे उपयुक्त काम आहे. त्यात एकच पथ्य पाळायचे असते. काय बदलले, हे विकताना स्पष्ट सांगितले पाहिजे. बदललेले वाद्य मूळ म्हणून विकल्यास खरेदीदाराची फसवणूक होतेच, शिवाय वाद्याच्या इतिहासाचा पुरावाही बिघडतो.

मृत्यू व वारसा

इ.स. १९७२ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने आपल्या गौरवदालनात पहिल्याच तुकडीत विल्यम लुडविग यांचा समावेश केला. पुढील वर्षी, १९७३ मध्ये, त्यांचे निधन झाले. कुटुंबाने १९८१ मध्ये कंपनी सेल्मर या वाद्यनिर्मात्या कंपनीला विकली. १९८४ पासून ड्रमांचे उत्पादन उत्तर कॅरोलिना राज्यातील मन्रो येथे होऊ लागले. पुढे सेल्मर आणि कॉन यांचे एकत्रीकरण होऊन 'कॉन-सेल्मर' ही कंपनी अस्तित्वात आली. अशा रीतीने ज्या कॉनकडून लुडविग यांनी आपले नाव सोडवून आणले होते, त्याच नावाच्या छत्राखाली ते पुन्हा आले.

पुत्र विल्यम लुडविग (दुसरे) यांनी 'द मेकिंग ऑफ अ ड्रम कंपनी' या आत्मचरित्रात कुटुंबाचा व कारखान्याचा इतिहास नोंदवला आहे. ब्लॅक ब्यूटी आणि सुप्राफोनिक हे नमुने आजही तयार होतात. इ.स. २०१५ मध्ये रिंगो स्टार यांचा पहिला लुडविग ड्रमसंच लिलावात २० लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला. तथापि संग्राहकांच्या दृष्टीने, एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेला, धूळ बसलेला आणि नामपट्टीसह सर्व भाग शाबूत असलेला साधा शालेय ड्रमही मोलाचा ठरतो. कारण तो कोणत्या काळी, कोणत्या शहरात आणि कोणत्या नावाने घडला, याची साक्ष त्याच्यावरच असते.